किरकोळ

"गेल्या सात दिवसांत घरात काय काय खर्च झाला?" हा प्रश्न एखाद्या अनोळखी मुलीने टॅब हातात धरून, बायकोच्या देखत विचारावा, यासारखी अग्निपरीक्षा नाही. एकट्याला गाठलं असतं तर मी खरं तरी बोललो असतो.

कौटुंबिक खर्चाच्या सर्वेक्षणात आमच्या घराचा नंबर लागला होता. लॉटरीत आजवर एकदाही लागला नाही, हे जाता जाता सांगतो.

"महिन्याभरात काही मोठी खरेदी?"

"ही खुर्ची," मी ऐटीत म्हणालो.

"अहो, खुर्चीला सहा महिने झाले!" आतून आवाज आला. सौभाग्यवती पाठोपाठ बाहेर आल्या आणि ठाण मांडून बसल्या.

मुलगी समजूतदार होती. म्हणाली, सगळ्यांचं असंच होतं. दुर्बिणीतून पाहावं तसे जुने मोठे खर्च जवळ आल्यासारखे वाटतात. नेटर आणि वॅक्सबर्ग या दोन संख्याशास्त्रज्ञांनी घरदुरुस्तीच्या खर्चावर 1964 साली हे दाखवून दिलं. त्यावर उपाय असा, की मागच्या भेटीत काय सांगितलं होतं ते आधी ऐकवायचं. म्हणजे तोच खर्च पुन्हा सांगता येत नाही.

"आमच्याकडे हा उपाय लग्नापासून चालू आहे," मी म्हणालो. तिने ते टॅबमध्ये लिहिलं नाही.

किरकोळ खर्चाचं उलट. तो चार दिवसांत डोक्यातून जातो, म्हणून आठवड्याचाच विचारतात. कपड्यांचा मात्र वर्षाचा. पण त्याच आठवड्यात आमच्याकडे पाच पाहुणे होते! यावरून आम्ही वर्षभर पंगती उठवतो असं नाही का दिसणार? ती म्हणाली, हजारो घरं असतात, कुणी त्याच आठवड्यात परगावी गेलेलं असतं, सरासरीत जमून जातं. म्हणजे आमचे पाहुणे कुणाच्या तरी बंद घराने फेडले. सर्वेक्षणात. आमच्या पाकिटात नाही.

मग विचारलं, हेच घर भाड्याने घेतलं तर किती पडेल? स्वतःच्या घरात राहणाराही स्वतःला भाडं देतो असं धरतात म्हणे. मी मालकाच्या रुबाबात आकडा सांगितला. बायकोने छतावरच्या ओलीकडे नुसतं पाहिलं. मी आकडा निम्मा केला.

"तंबाखू, सिगारेट, मद्य?"

"छे!" मी म्हणालो. जरा मोठ्यानेच.

तिने शून्य टाकलं. मान वर न करता म्हणाली, या रकान्यात लोक सांगतात त्यापेक्षा दुकानांतून बराच जास्त माल खपलेला असतो. वर एंगल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाचा नियमही ऐकवला, 1857 सालचा: घर जितकं गरीब, तितका खर्चातला खाण्याचा वाटा मोठा. मी मनात हिशेब मांडला. सिगारेट गाळली की एकूण खर्च घटतो, खाण्याचा वाटा फुगतो. चार झुरके लपवून मी कागदोपत्री दोन पायऱ्या गरीब झालो होतो.

जाताना ती दोन आठवड्यांची खर्चाची वही देऊन गेली. पहिल्या दिवशी मी पै न् पै लिहिली, पावत्या टाचल्या. चौथ्या दिवशी रात्री अंथरुणात आठवून लिहिलं. नवव्या दिवशी नुसतं 'किरकोळ'. अकराव्या दिवशीही किरकोळच, पण रक्कम भरभक्कम. अशा वह्यांत पहिल्या आठवड्याचा खर्च दुसऱ्यापेक्षा जास्त दिसतो, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. वही बघून लोकांनी काटकसर केली असं कुणी समजू नये. हात दुखतो, दुसरं काही नाही.

मुलांसाठी वेगळी, सोपी वही होती. आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने ती अभ्यासाची नसल्यामुळे मनापासून भरली. वही न्यायला ती मुलगी आली तेव्हा बायकोने सहज चाळली. पान पाचवं, सुवाच्य अक्षर, खाली पट्टीने ओढलेली रेघ:

"चॉकलेट. पैसे बाबांनी दिले. गच्चीवर धूर दिसला ते आईला सांगायचं नाही म्हणून."