कांदेवाल्याला जगाच्या बाजाराने बुडवलं नाही

सध्या एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. 1991 साली देशाने परदेशी व्यापाराला दारं उघडली आणि जागतिक बाजाराने शेतकरी गिळला, आधी कांद्याला चांगला भाव होता, निर्यात कायमची बंद केली तर शेतकरीही जगेल आणि गरिबालाही कांदा परवडेल, असं त्यात आहे. मी कांदा पिकवणाऱ्या घरातली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

'आधी चांगला भाव होता.' मग 1980 साली शेतकरी नेते शरद जोशींसोबत कांदा उत्पादक चाकणला पुणे-नाशिक रस्त्यावर कशासाठी बसले होते? भावासाठीच. तेव्हा 1991 यायला 11 वर्षं होती.

'जागतिक बाजाराने गिळला.' तो बाजार कांद्याला सलग मिळाला कधी? सप्टेंबर 2019 मध्ये निर्यातबंदी. ती मार्च 2020 मध्ये उठली आणि सप्टेंबरात पुन्हा लागली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरात टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून स्वस्तात बाहेर विकायचा नाही, 8 डिसेंबरला सरसकट बंदी. ती उठली मे 2024 मध्ये, तीही शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं.

2023 च्या त्या डिसेंबरात लाल कांदा निघत होता. उन्हाळ कांद्यासारखा तो चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरून भावाची वाट बघता येत नाही. काढला की ट्रॉली भरायची आणि मार्केट गाठायचं. काही आठवड्यांत लासलगावचा, नाशिक जिल्ह्यातल्या मोठ्या कांदा मार्केटचा, भाव निम्म्यावर आला. लिलावात व्यापारी ट्रॉलीतला कांदा हाताने उकरून बघतो, आकडा बोलतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. नाही म्हणावं, तर माल परत न्यायचं भाडं अंगावर. वडील पावतीची घडी करून खिशात घालायचे आणि घर येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत.

'गरिबाला परवडेल.' बंदीने शहरात कांद्याचा भाव उतरतो, हे खरं. महाग कांद्याने मजुराच्या घरात ओढाताण होते, हेही खरं. पण ती झळ एकट्या कांदेवाल्याने का सोसायची? शिवाय बांगलादेश, मलेशिया, दुबईचं गिऱ्हाईक आपल्यासाठी थांबत नाही. ते दुसरीकडून माल घेतं, आणि आपल्याकडे भाव पडल्यावर लगेच परत येत नाही.

मजकुरातलं एक दुखणं मात्र मला मान्य आहे, बाहेरून येणाऱ्या मालाचं. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अनुदान देते. त्याविरुद्ध ब्राझील जागतिक व्यापार संघटनेत गेला आणि जिंकला. आपण मात्र 19 ऑगस्ट 2025 पासून त्या वर्षाअखेरपर्यंत कापसावरचं 11 टक्के आयात शुल्कच काढलं, तेही विदर्भ-मराठवाड्यात वेचणी तोंडावर असताना. भाव चढला की कांद्याला बाहेर जायला बंदी, आणि बाहेरच्या कापसाला आत यायला मोकळीक. हे दोन्ही निर्णय दिल्लीत झाले.

तो मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी सरकारकडे एवढंच मागावं : रोप टाकताना जे निर्यात धोरण असेल, ते कांदा विकून होईपर्यंत बदलू नका.