लय चढवायची घाई नको
नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगचं ‘मॉर्निंग मूड’ म्हणजे नॉर्वेच्या फ्योर्डवरचा (डोंगरांमधल्या अरुंद खाडीवरचा) सूर्योदय, असं एका लेखात म्हटलंय. पण ते ज्यासाठी लिहिलं, त्या इब्सेनच्या ‘पेअर ग्यिंट’ नाटकात ही सकाळ चौथ्या अंकातली, मोरोक्कोतली आहे! लोककथेतला नॉर्वे ऐकायचा तर त्याच १८८८च्या पहिल्या स्वीटमधला (नाटकाच्या संगीतातून निवडलेल्या तुकड्यांचा संच, ओपस ४६) शेवटचा भाग घ्या, ट्रोलांच्या (लोककथांमधल्या राक्षसी जीवांच्या) राजाच्या दरबाराचा.

सुरुवातीला हॉर्नचा एक लांब स्वर, मग बासून (खर्जातलं फुंकवाद्य) आणि बोटांनी छेडलेले चेलो-डबल बेस, अगदी दबक्या आवाजात. चाल तीच राहते. वाढतात वाद्यं, आवाज आणि लय. हौशी वाद्यवृंद नेमके इथेच फसतात. लय पहिल्या मिनिटातच चढवली की शेवटाला जागा उरत नाही, व्हायोलिनचे स्वर एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट होतो. आधी आवाज वाढवा, लय बरीच उशिरा. शेवटच्या तडाख्यांमधल्या रिकाम्या मात्रा मनात मोजायच्याच, नाहीतर कोणीतरी एकटाच आधी वाजवतो (बहुतेक वेळा झांजवाला).

मूळ नाट्यसंगीतात इथे ट्रोलांचा कोरस नाटकाचा नायक पेअर याला ठार मारा म्हणून ओरडतो. स्वीटमध्ये तो नाही. जमल्यास कोरस असलेलं रेकॉर्डिंग ऐका, त्यात जास्त भीती वाटते.