परमिट संपलंय, अपॉइंटमेंट आहे. मग गड्ड्याला यायचं का?

संक्रांत आणि गड्डा, म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा, जवळ आला की जर्मनीत शिकणाऱ्या पोरांना घराची ओढ लागते. नेमका त्याच सुमाराला सोलापूरच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: "जर्मनीचं रेसिडेन्स परमिट संपलं तरी काळजी नको. ऑफिसची अपॉइंटमेंट घेतलेली असली की जुनं परमिट आपोआप चालू राहतं. काम करता येतं, युरोपभर फिरता येतं, घरी येऊन परत जाता येतं. अडलंच तर मुंबईहून दोन दिवसांत नवा व्हिसा मिळतो. फार तर थोडा दंड बसतो."

सगळंच खोटं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पंचाईत अशी की यातलं निम्मं खरं आहे, पण ते कुणासाठी आणि कोणत्या अटीवर खरं आहे, तेवढंच नेमकं गाळलंय. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"अपॉइंटमेंट घेतली की पुरे"

नाही. जर्मनीच्या निवास कायद्याचं कलम ८१, पोटकलम ४ असं सांगतं की मुदत संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला असेल, तर निर्णय लागेपर्यंत जुनं परमिट चालू आहे असं धरलं जातं. कायद्यात शब्द आहे तो अर्जाचा. काही शहरांत ऑनलाइन फॉर्म भरला की तोच अर्ज मानतात, काही ठिकाणी कॅलेंडरवर नुसती वेळ राखून ठेवता येते. तुमच्या शहरात यातलं काय चालतं यावर वाद घालत बसण्यापेक्षा लेखी अर्ज पाठवून मोकळं व्हावं.

त्याला छापील फॉर्म लागतोच असं नाही. एक पानी पत्र चालतं. त्यात पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, सध्याचा पत्ता, पासपोर्ट क्रमांक, परमिट कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याची तारीख आणि "कलम १६ब खाली शिक्षणासाठी मुदतवाढ हवी आहे" असं एक स्पष्ट वाक्य असावं. खाली तारीख आणि सही. हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डेला, ईमेलने किंवा त्यांच्या ऑनलाइन फॉर्मवरून पाठवा, आणि तेच रजिस्टर्ड पोस्टानेही टाका. पोच येते ती मेल, पोस्टाची पावती, फॉर्म भरल्यावर दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. कार्डावर १४ जानेवारी लिहिलं असेल तर त्या दिवसापर्यंत अर्ज तिथे पोहोचलेला हवा. १४ तारखेला पोस्टात टाकलेलं पाकीट १६ ला पोहोचलं, तर अर्ज उशिराचा झाला.

इथे घरच्यांची एक चूक हमखास होते. मुदतवाढीला खर्चाच्या तजविजीचा पुरावा लागतो. ब्लॉक्ड अकाउंटसाठी (ज्या खात्यातून दर महिन्याला ठरावीकच रक्कम काढता येते) १ सप्टेंबर २०२४ पासून हिशेब महिन्याला ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४ युरो असा आहे. बापाला वाटतं, आधी बँकेतून पैसे जाऊ देत, कागद हातात येऊ दे, मग अर्ज करू. इकडे बँकेत एक सही राहते, तिकडे मुदत संपते. असं करू नका. अर्ज आधी पाठवा, "पैशाचा पुरावा मागून जोडतो" असं त्यातच लिहा. मुदत पाळायची ती अर्जाची; कागद नंतर जोडता येतात. विद्यापीठाचा प्रवेशाचा दाखला, आरोग्य विम्याचं पत्र, भाडेकरार, पत्ता नोंदणीचा कागद हे सहसा मागतातच, आणि बऱ्याच ठिकाणी अभ्यास कुठवर आला याचा दाखलाही. फी ९३ युरो.

पहिल्या वर्षीची मुलं ज्या डी व्हिसावर, म्हणजे लांब मुक्कामाच्या राष्ट्रीय व्हिसावर, जातात त्यालाही हाच नियम लागू आहे. तीन महिन्यांच्या शेंगेन (समाईक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा गट) व्हिसावर गेलेल्यांना मात्र तो लागू नाही.

"काम चालू ठेवता येतं"

वेळेत अर्ज केला असेल तर हे बरोबर आहे, कारण जुन्या परमिटबरोबर त्यातली कामाची मुभाही चालू राहते. मर्यादा तीच: १ मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, आणि चार तासांपर्यंतचं काम म्हणजे अर्धा दिवस. विद्यापीठातल्या सहायकाच्या कामाला ही मोजदाद नाही. फ्रीलान्स किंवा स्वतःचा धंदा यात बसत नाही; त्याला वेगळी परवानगी लागते.

अडचण येते ती कंपनीच्या एचआरकडे. कामगाराकडे चालू परमिट आहे का हे तपासून त्याची प्रत ठेवणं मालकाला कायद्याने भाग आहे. परवानगी नसलेल्याला कामावर ठेवलं तर मालकाला पाच लाख युरोपर्यंत दंड होऊ शकतो, काम करणाऱ्याला पाच हजारांपर्यंत. त्यामुळे कार्डावरची तारीख उलटली की एचआरवाले शिफ्ट देणं थांबवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. त्यांच्या हातात तीन गोष्टी द्या: जुनं कार्ड, त्याच्यासोबत मिळालेला कामाच्या अटींचा हिरवट जोडकागद आणि आता ज्याच्याविषयी बोलायचंय तो दाखला.

अर्ज मुदतीनंतर केला असेल तर कामाला हात लावू नये. रोखीत, कुणाच्या तरी हॉटेलात, "दोनच आठवडे" असंही नाही.

"घरी येऊन परत जाता येतं"

मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात महागात पडणारं आहे. कायद्याने परमिट चालू असणं वेगळं आणि मुंबई विमानतळावरच्या काउंटरवर ते दाखवता येणं वेगळं. प्रवासासाठी हातात लागतो तो फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा दाखला. पोरं त्याला नुसतं "फिक्शन" म्हणतात. तो पुष्कळदा आपोआप येत नाही, मागावा लागतो. फी १३ युरो. मागताना प्रवासाच्या तारखा लिहाव्यात, कारण दाखल्यालाही स्वतःची मुदत असते आणि ती परतीच्या दिवसापुढे असायला हवी.

दाखला मिळाला की आधी तिसरं पान उघडा. तिथे तीन चौकटी असतात. पहिल्या चौकटीवर खूण असेल तर अर्थ इतकाच, की निर्णय होईपर्यंत राहायला परवानगी आहे. दुसरीवर असेल तर देशाबाहेर काढण्याची कारवाई तूर्त थांबवली आहे. या दोन्हींवर जर्मनीतून बाहेर पडता येतं, व्हिसाशिवाय परत शिरता येत नाही. तिसऱ्या चौकटीवर, म्हणजे जुनं परमिट चालू आहे असं सांगणाऱ्या कलम ८१(४) च्या ओळीवर खूण असेल, तरच परतीचा प्रवास होतो. तोही एकट्या दाखल्यावर नव्हे. चालू पासपोर्ट आणि मुदत संपलेलं मूळ कार्ड किंवा व्हिसा सोबत लागतो. "जुनं कार्ड आता काय कामाचं" म्हणून घरी ठेवून आलेल्याचं परतणं तिथेच अडतं. नुसत्या पोचपावतीच्या मेलवर तर निघूच नये.

आता काउंटरवर काय होतं ते बघा. कर्मचारी पासपोर्ट घेतो, कार्ड बघतो, त्यावरची उलटलेली तारीख बघतो. जर्मन भाषेतला घडीचा कागद त्याने कदाचित पहिल्यांदाच पाहिलेला असतो. पुरेशा कागदांशिवाय प्रवासी नेला तर जर्मनी विमान कंपनीकडून एका माणसामागे एक ते पाच हजार युरो वसूल करू शकते. त्यामुळे शंका आली की तो "नाही" म्हणणार. मग रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेला मुलगा दुसऱ्या दिवशी शेंगाचटणीच्या डब्यासकट परत सोलापुरात.

हे टाळायचं तर तिकीट काढण्याआधी कंपनीला दाखल्याच्या तिसऱ्या पानाचा आणि जुन्या कार्डाचा फोटो पाठवून लेखी उत्तर मागवा आणि ते छापून सोबत ठेवा. विमान थेट फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकचं बघा. पॅरिस किंवा अ‍ॅमस्टरडॅममार्गे गेलात तर शेंगेनमधला प्रवेश तिथे होतो, आणि जर्मन कागद डच किंवा फ्रेंच अधिकाऱ्याला समजावत बसावं लागतं. लंडनमार्गे तर जाऊच नका: तिथे व्हिसाशिवाय विमान बदलायची सवलत चालू कार्डावर मिळते, संपलेल्यावर नाही. काउंटरवर चार तास आधी पोचा, आणि वाद झालाच तर आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवायला सांगा.

पासपोर्टचंही बघून घ्या. परमिटची मुदत पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. अठराच्या आत काढलेले बरेच पासपोर्ट पाचच वर्षांचे असतात, ते ऐन शिक्षणात संपतात. सुट्टीत सोलापूरला आल्यावर नवा काढायचा बेत असेल (आपण पुणे विभागीय पासपोर्ट कार्यालयाच्या हद्दीत येतो) तर लक्षात घ्या, जर्मन दाखल्यावर जुना क्रमांक राहणार. रद्द झालेला जुना पासपोर्ट सोबत ठेवणं मग आलंच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे परमिटची मुदत संपलेली असताना पासपोर्ट बदलायच्या भानगडीत पडूच नये. नवं कार्ड हातात आल्यावर करावं.

"युरोपभर फिरता येतं"

तिसऱ्या चौकटीचा दाखला आणि जुनं कार्ड असेल तर कागदोपत्री हो, तेही १८० दिवसांत ९० दिवसांच्या मर्यादेत. पण प्रागच्या बसमध्ये रात्री दोन वाजता चढलेल्या पोलिसाला हे ठाऊक असेलच असं नाही. नवं कार्ड येईपर्यंत जर्मनीत फिरायला जागा कमी नाही.

"मुंबईहून दोन दिवसांत व्हिसा"

हे साफ खोटं आहे. परतीचा कागद नसेल तर पुन्हा राष्ट्रीय व्हिसासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्यात बऱ्याचदा जर्मनीतल्या त्याच कार्यालयाला विचारलं जातं ज्याच्याकडे मुदतवाढीचा अर्ज पडून आहे. काम आठवड्यांचं असतं, कधी महिन्यांचं. परीक्षा तोवर थांबत नाहीत. आणखी एक: जर्मनीबाहेर सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलं तर, कार्यालयाने आधी मुदत वाढवून दिलेली नसल्यास, चालू परमिटही रद्द होतं. घरच्या अडचणीमुळे एखादं सेमिस्टर इथेच काढायचं असेल तर निघण्याआधी कार्यालयाची लेखी परवानगी घ्यावी.

"फार तर दंड बसतो"

परमिटशिवाय राहणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. पोरगं चार दिवस उशिरा गेलं म्हणून कुणी लगेच तुरुंगात टाकत नाही, हे खरं. पण पुढच्या अर्जात ही नोंद नडू शकते.

तारीख उलटलीच असेल तर त्याच दिवशी अर्ज पाठवा, उशिराचं कारण पुराव्यानिशी लिहा (आजारपणाचा कागद, अपॉइंटमेंट मिळत नव्हती त्याचे स्क्रीनशॉट). अवाजवी त्रास टाळण्यासाठी जुनं परमिट चालू धरण्याचा आदेश कार्यालय उशिराच्या अर्जावरही देऊ शकतं. तो कलम ८१(४) च्या तिसऱ्या वाक्यानुसार द्यावा, अशी विनंती पत्रात स्पष्ट करा. विद्यापीठाचं इंटरनॅशनल ऑफिस आणि विद्यार्थी संघटनेचा कायदा सल्ला बहुतेक ठिकाणी फुकट असतो. पत्र पाठवण्याआधी तिथे दाखवून घ्या. आदेश लेखी हातात येईपर्यंत कामही नाही आणि गड्ड्याचं तिकीटही नाही.