‘सुई उडते, झांजा टोचतात’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

कुणी शेजारून चाललं की टर्नटेबलची (रेकॉर्ड प्लेअरची) सुई उडते, झांजांचा आवाज टोचतो, आमच्या रबरी पॅडनी आणि खाली घातलेल्या कडप्प्यानेही फरक पडला नाही, म्हणजे कार्ट्रिजच (सुई बसवलेला, तिच्या थरथरीचा विद्युत सिग्नल करणारा भाग) खराब, असं तुम्ही लिहिलंय. पॅडबद्दल तुमचं बरोबर आहे. तो सल्ला आमचा होता आणि तो चुकला. पॅड परत आणा, पूर्ण पैसे मिळतील. कार्ट्रिज मात्र इतक्यात बदलू नका.

आधी हेडशेलवरचं (सुईच्या दांड्याच्या टोकावरचं) रुपयाचं नाणं काढा. ते तीन ग्रॅमच्या वरच भरतं. तुमच्या एटी-व्हीएम95ई कार्ट्रिजला 2 ग्रॅम भार लागतो, फार तर 2.2. नाण्यासकट रेकॉर्ड वाजत राहिल्या तर खाचा आणि सुई, दोन्ही झिजतील.

टर्नटेबलच्या वजनाने ते पॅड जेमतेम 1 मिमी दबतात. इतक्या कडक आधाराची स्वतःची कंपनसंख्या निदान 16 हर्ट्झ असते आणि तो हादरे अडवायला लागतो ते 22 च्या वर. पावलांचा हादरा मुख्यतः 10 हर्ट्झच्या खाली. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज मिळून 8 ते 12 च्या दरम्यान आपणहून डोलतात, त्यामुळे तो नेमका वर्मावर बसतो. स्लॅबच्या फ्लॅटमध्ये हे सहसा जाणवत नाही. तुमची जमीन लाकडी तुळयांवरची आहे, हे विकताना आम्ही विचारायला हवं होतं. तिथे पाऊल पडलं की जमीन, शोकेस, कडप्पा सगळं एकत्र हलतं. कडप्पा दुप्पट जाड घेतलात तरी तेच.

उपाय एकच: टर्नटेबल जमिनीवरून उचलून भिंतीवर न्या. पार्टिशन नको, बाहेरची जाड विटांची भिंत निवडा. चुन्याचा गिलावा नुसता प्लग धरत नाही, म्हणून अँकर विटेत निदान 75 मिमी शिरू द्या. फळी हलकी पण ताठ हवी. पाणसळ प्लॅटरवर (रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीवर) ठेवून दोन्ही दिशांनी बघा. स्पीकर त्याच फळीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका.

आता झांजा. प्लेअरपासून ॲम्प्लिफायरच्या फोनो इनपुटपर्यंत (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या इनपुटपर्यंत) तुम्ही 3 मीटरची केबल ओढली आहे. साध्या आरसीए केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरला 100 पिकोफॅरडच्या आसपास, म्हणजे 300. टोनआर्मची तार आणि ॲम्प्लिफायर मिळून आणखी 200 धरा. या कार्ट्रिजला कंपनी 100 ते 200 सांगते. कार्ट्रिजच्या 550 मिलिहेन्रीच्या कॉइलबरोबर 500 पिकोफॅरड आले की रेझोनन्स (जिथे आवाज आपोआप चढतो ती जागा) 9.6 किलोहर्ट्झपाशी उतरतो. 200 असते तर तो 15 च्या वर राहिला असता. म्हणून झांजा टोचतात आणि त्यापलीकडचा बारीक आवाज मात्र गळतो.

महागडी केबल घेऊ नका. छोटा फोनो प्रीॲम्प (फोनो इनपुटचंच काम करणारा वेगळा डबा) प्लेअरशेजारी ठेवा, मधली केबल अर्धा-पाऊण मीटर पुरे. अर्थची वायर प्रीॲम्पच्या स्क्रूला. तिथून पुढे 3 मीटर खुशाल न्या, पण ॲम्प्लिफायरच्या ऑक्स (साध्या) इनपुटला. फोनोला लावलीत तर सिग्नल दोनदा वाढून आवाज फाटेल. ॲम्प्लिफायर प्लेअरच्या डावीकडे ठेवा. कार्ट्रिज उजवीकडे असते, ट्रान्सफॉर्मर जवळ आला की गुणगुण पकडते.

इतकं करूनही झांजा टोचल्या तर कार्ट्रिज घेऊन या. सुई तुमच्यासमोर सूक्ष्मदर्शकाखाली बघू आणि दोष निघाला तर बदलून देऊ.