सोशल मीडियाचे सात मंत्र आणि मावशीचा नंबर

‘दुकान नको, भाडं नको, हातात फक्त मोबाइल हवा! सोशल मीडियावर तीन महिन्यांत धंदा दसपट करणारे सात मंत्र.’ हा मेसेज तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर येऊन गेला असेल. एरवी मी असलं काही वाचत नाही. पण या वेळी तो मावशीने पाठवला आणि खाली लिहिलं, “पाच नंबरचं करायचं म्हणते. एक मुलगा दोन हजारांत करून देतो. देऊ ना पैसे?”

मावशी देवरुखला असते. आंबापोळी, फणसपोळी, कोकमाचं आगळ, कुळथाचं पीठ असं घरी करून विकते. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचं आणि एकाने दुसऱ्याला सांगून आलेलं. ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, पैसे यूपीआयने, माल एसटी पार्सलने नाहीतर कुरिअरने. म्हणजे तिचं दुकान कुठे आहे म्हणाल, तर त्या एका मोबाइल नंबरात आहे. हे लक्षात ठेवून पाचवा मंत्र वाचा.

‘एक लाख अ‍ॅक्टिव्ह नंबरांचा डेटा घ्या, सॉफ्टवेअरने सगळ्यांना एका दिवसात मेसेज टाका. हजारात एकाने घेतलं तरी शंभर ऑर्डर!’

भागाकार बरोबर आहे, बाकी सगळं चूक. व्यवसायासाठी व्हॉट्सअ‍ॅप वापरणाऱ्यांना कंपनीचा नियम स्पष्ट आहे: ज्याने स्वतः नंबर दिला आणि मेसेज चालतील असं सांगितलं, त्यालाच मेसेज पाठवा. विकत घेतलेल्या यादीतल्या माणसाने यातलं काहीच केलेलं नसतं. अनोळखी नंबरावरून फणसपोळीची जाहिरात आली की तो काय करतो? तुम्ही करता तेच. ब्लॉक आणि रिपोर्ट. एकाच नंबरावरून धडाधड मेसेज सुटताहेत आणि मागोमाग रिपोर्ट येताहेत, हे दिसलं की तो नंबर बंद होतो.

‘असं कोण बघत बसतंय’ असं त्या दोन हजारवाल्या मुलाचं म्हणणं. बघतात. भारताच्या 2021 च्या आयटी नियमांमुळे व्हॉट्सअ‍ॅपला दर महिन्याला अहवाल द्यावा लागतो. एकट्या फेब्रुवारी 2024 मध्ये त्यांनी भारतातली 76 लाखांहून अधिक खाती बंद केली आणि त्यातली 14 लाखांहून अधिक तर कुणाची तक्रार येण्याआधीच. यात लॉटरीवाले, नोकरीच्या नावाने लुबाडणारे असे भामटे पुष्कळ असणार, सगळे काही पापडवाले नव्हेत. पण खाती बंद करायची यंत्रणा केवढ्या प्रमाणावर चालते ते यावरून कळतं, आणि ती वागणूक बघते. मागे भामटा आहे की देवरुखची मावशी, हे तिला कसं कळणार?

नंबर बंद झाला की काय जातं ते त्या मेसेजमध्ये नाही. कॅटलॉग जातो, नेहमीच्या माणसांशी चाललेलं बोलणं अर्ध्यावर तुटतं, आणि पिशवीवरच्या लेबलावर छापलेला नंबर निरुपयोगी होतो. मे महिन्यात, ऐन आंबापोळीच्या दिवसांत हे झालं तर वर्षाची कमाई गेली. मुलगा मात्र दोन हजार घेऊन पुढच्या मावशीकडे गेलेला असतो. शिवाय ते लाखभर नंबर त्याच्याकडे आले कुठून? माणसाला न विचारता त्याची माहिती अशी वापरण्यावर 2023 चा डेटा संरक्षण कायदा आलेला आहे, हेही त्याला एकदा विचारा.

आता यातलंच अर्धं खरं. व्हॉट्सअ‍ॅपवरून एकदम अनेकांना कळवणं चूक नाही. त्यासाठी ब्रॉडकास्ट यादी आहेच. एका यादीत 256 माणसं बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोहोचतो. लोक या अटीवर कुरकुरतात. मला ती फार शहाणपणाची वाटते, कारण नंबर सेव्ह करणारा माणूस म्हणजे पुन्हा घेणारा माणूस. पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: ‘नंबर सेव्ह करा, नवा माल आला की कळवू.’ छपाईचे चार-आठ आणे लागतील.

पहिला मंत्र, दहा हजार फॉलोअर विकत घ्या, हा सगळ्यात हास्यास्पद. म्हणे आकडा बघून विश्वास बसतो. आकडा दहा हजार आणि फोटोखाली लाइक अकरा, त्यातले सहा नातेवाइकांचे, हे बघून कुणाचा विश्वास बसतो? इन्स्टाग्रामने 2018 मध्येच जाहीर केलंय की बाहेरच्या अ‍ॅपमधून आणलेले खोटे लाइक आणि फॉलो काढून टाकले जातील. आणि समजा नाही काढले. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी 2025 च्या सुरुवातीला सांगितलं की पोस्ट किती लोकांना दाखवायची हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असतं: लोक किती वेळ बघतात, किती लाइक करतात आणि किती जण ती पुढे दुसऱ्याला पाठवतात. विकतचे फॉलोअर यातलं एकही करत नाहीत. मुलुंडची एक बाई रील बघून बहिणीला पाठवते, “अगं, आपल्या आजीसारखी आंबापोळी बघ,” ती एकटी त्या दहा हजारांना भारी आहे.

दर पोस्टला तीस हॅशटॅग? हॅशटॅगने पोहोच फारशी वाढत नाही, हेही मोसेरींनीच अनेकदा सांगितलंय. सोडून द्या. ट्रेंडिंग गाणं लावा? इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा, तिच्या संगीताच्या नियमांत व्यावसायिक वापराला वेगळा परवाना लागतो, म्हणून तर बिझनेस खात्यावर बरीच गाणी सापडतच नाहीत. व्हिडिओ बनवताना स्वयंपाकघरातला आवाज तसाच राहू द्या, छान वाटतो.

रोज पाच पोस्ट, यात मात्र नाइलाजाने थोडं मान्य करावं लागेल. महिन्यातून एकदा उगवणाऱ्या खात्याला लोक विसरतात, आणि तुम्हाला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोहोचायला रील हा आज चांगला रस्ता आहे, हे खरं. पण रोज पाच? मग रस कोण आटवणार? आठवड्याला दोन रील पुरेत, त्यात हात दिसू देत, परात दिसू दे, वजन आणि भाव स्पष्ट लिहिलेला असू दे. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ लिहिणाऱ्यांचा मला वैयक्तिक राग आहे.

मेसेजभर एकच स्वप्न विकलंय: एक रील व्हायरल झाली की वर्षाची विक्री एका दिवसात. आंबापोळी कशी होते हे लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही. ताटाला तूप लावायचं, साखर घातलेला रस पातळ पसरायचा, उन्हात वाळवायचा, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. एका ताटाला दिवसच्या दिवस जातात आणि मिरगाचा पाऊस आला की सगळं बंद. जुलैत रील लाखो लोकांनी पाहिली आणि पाचशे जणांनी मागणी केली, तर मावशी काय पाठवणार? न मिळालेल्या मालाबद्दल शिव्या मात्र त्याच रीलखाली येणार. तिला पाच लाख बघणारे नकोत. जेवढा माल होतो तेवढा मेअखेर संपवणारी, पुढच्या वर्षी परत येणारी तीनशे घरं हवीत.

ओळखीच्यांकडून पाच ताऱ्यांचे खोटे रिव्ह्यू लिहून घ्या, हा सहावा. गुगलच्या नियमांत ते चालत नाही, आणि एकाच दिवशी वीस जण ‘खूप छान, नक्की घ्या’ लिहितात तेव्हा वाचणाऱ्यालाही कळतं. खऱ्या गिऱ्हाइकाला पार्सल मिळाल्यावर लिंक पाठवून दोन ओळी मागा, बरेच जण लिहितात.

राहिला सातवा: ‘शेवटचे तीन डबे शिल्लक, असं रोज लिहा.’ यावर तर सरकारी बंदी आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नबद्दल, म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या युक्त्यांबद्दल, मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांतल्या 13 प्रकारांत पहिलाच प्रकार खोटी घाई लावण्याचा, आणि ती तत्त्वं विक्रेत्यांनाही लागू आहेत. फणसपोळी खरंच संपली असेल तर ‘संपली’ लिही, मावशी, आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी आत्तापासून नावं लिहून घे. त्या मुलाला दोन हजार देऊ नकोस.