मोबाइल काढून घेतला, आता पुढे?

नववीतल्या मुलाने वर्गात हात उगारला किंवा दहावीतली मुलगी आठ-आठ दिवस कुणाशी बोलेनाशी झाली, की आपल्याकडे कारण तयारच असतं. मोबाइल. नाहीतर संगत. नाहीतर "वयच तसलं हाय हो बाई, जाईल." कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडी भागात मराठी शाळेत शिकवताना पालकसभेत हे इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो. मोबाइलचा त्रास खोटा नाही. पण मोबाइलवर खापर फोडलं की घरातली दारू, आईला होणारी मारहाण, सात वर्षांच्या पोरीच्या गळ्यात पडलेला संसार, यांवर कुणाला बोलावंच लागत नाही. चौदाव्या वर्षी जे बाहेर पडतं ते पुष्कळदा सहाव्या-सातव्या वर्षापासून आत साचत आलेलं असतं, आणि गल्लीला ते माहीत असतं.

एक मुलगा आठवतो. ओळख पटू नये म्हणून गाव सांगत नाही. वर्गात कायम दाराजवळ, भिंतीला पाठ लावून बसायचा. दुपारी बिसिऊटला, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाला, स्टीलची ताटं एकावर एक आपटली की ताडकन उभा राहायचा. हात असे घामेजलेले की वहीचं पान ओलं व्हायचं. नाटकी म्हणून त्याला ओरडा बसायचा. पुढे त्याच्या आत्याने सांगितलं. बाप पिऊन आला की पहिलं भरलं ताट भिंतीवर फेकायचा, मग आईची पाळी. पोर तीन-चार वर्षांचं होतं तेव्हापासून हेच.

रोज रात्री बाप कुठल्या अवस्थेत येईल याची वाट बघत जे पोर वाढतं, त्याचं शरीर सावध राहायलाच शिकतं. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक पुन्हा पुन्हा वाढत राहतं, मेंदूतला धोका ओळखणारा भाग जरा खुट्ट झालं तरी पेटतो, आणि त्याला आवर घालणारा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यात वयात येण्याची उलथापालथ. मानसिक आजारांपैकी जवळपास एक तृतीयांशांची सुरुवात चौदाव्या वर्षाआधी आणि निम्म्यांची अठराव्या वर्षाआधी होते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते उगाच नाही.

अमेरिकेत फेलिट्टी आणि अँडा या डॉक्टरांनी १९९८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणी मारहाण, लैंगिक अत्याचार, आईवर उगारला जाणारा हात, घरातलं व्यसन, मानसिक आजार, कुणाचा तुरुंगवास, असं काय काय वाट्याला आलं ते त्यांनी हजारो मोठ्या माणसांना विचारलं. चार किंवा जास्त प्रकार भोगलेल्यांमध्ये व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, काहीच न भोगलेल्यांपेक्षा ४ ते १२ पट निघाला. हा धोका समूहाचा आहे. एकेका लेकराच्या कपाळावर तो लिहू नये.

आपल्या भागात आणखी एक भर पडली. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा घरात शिरल्या तेव्हा जी पोरं दुसरी-तिसरीत होती, त्यांनी जनावरं वाहून जाताना बघितली. पुरातून सावरतोय तोवर २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद. घरं पडली त्यांचे पंचनामे झाले. पोरांची झोप उडाली, त्याची नोंद कुणी केली?

आणि मदत मागायला जावं तर भाषा आडवी येते. एका मुलीला आईबरोबर सरकारी दवाखान्यात पाठवलं. डॉक्टर भला माणूस, पण बोलणार कन्नडमधून. आईला मराठीशिवाय काही येत नाही. शाळेत कन्नड शिकलेली ती पोरगीच दुभाषी झाली. बाप आईला कसा मारतो ते तिनेच कन्नडमध्ये सांगायचं, आणि तिच्या स्वतःच्या हातावरच्या ब्लेडच्या खुणांबद्दल डॉक्टर काय म्हणाले तेही तिनेच आईला मराठीत सांगायचं. तिने ते सांगितलंच नाही. "रक्त कमी हाय म्हणालेत" एवढंच बोलली. कृपा करून यात सीमावाद आणू नका. मला फक्त तिथे मराठी-कन्नड दोन्ही येणारी एक नर्स किंवा समुपदेशक हवी आहे.

हवाईतल्या कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. हलाखीत, भांडणात वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही धड, कर्ती निघाली, आणि त्यांच्यामागे बहुधा भरवशाचं एखादं मोठं माणूस होतं. आजी, शेजारीण, शिक्षक, कुणीही. म्हणून आत्या, मामा, चुलत्यांना सांगते, "त्यांच्या घरातलं आहे" म्हणून तोंड फिरवू नका. पोराला दोन घास खायला बोलवा, रात्री झोपायला ठेवून घ्या. लगेच खोदून विचारू नका, पण बोललं तर खोटं पाडू नका.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. मारहाण किंवा अत्याचार चालू असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. दोन्ही नंबर शाळेच्या फलकावर आहेत का ते या आठवड्यात जाऊन बघा, नसतील तर मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या.