मित्राला ॲडजस्टमेंटचा स्क्रू नसतो

सायकलमध्ये जे जे बिघडू शकतं, त्याच्यासाठी बनवणाऱ्याने एक स्क्रू ठेवलेला असतो. ब्रेक ढिला पडला, केबल ओढून आवळा. गिअर खडखडतोय, केबलच्या टोकाशी असलेली छोटी बॅरल पाव फेरा फिरवा. सीट वर-खाली होते, पुढे-मागे होते, तिचं नाकसुद्धा उचलता किंवा पाडता येतं. १०० किलोमीटरच्या पहिल्यावहिल्या राइडला आपल्याबरोबर जे सामान असतं, त्यात अशी सोय नसलेली एकच गोष्ट असते. ती आपल्या पुढे दोनशे मीटरवर असते आणि मागे वळून "चल रे, काय हळू!" असं ओरडत असते.

म्हणून तयारी मित्रापासून सुरू करावी, सायकलचं नंतर बघता येतं, असं माझं ठाम मत आहे.

पहिला प्रश्न मित्राच्या गणिताचा. "वीसच्या स्पीडने शंभर म्हणजे पाच तास. सहाला निघू, अकराला घरी." यातले आकडे सगळे बरोबर असतात, फक्त या हिशेबात सायकल कुठे थांबत नाही. प्रत्यक्षात दर २०-२५ किलोमीटरला दहा मिनिटांचा थांबा धरा, एक पंक्चर धरा, एक चुकलेलं वळण धरा आणि घरी सात तास सांगून ठेवा. लांब पल्ल्याच्या राइडचे नियम करणारा फ्रान्समधला ओडॅक्स क्लब पॅरिसियाँ १९०४ सालचा आहे. तोसुद्धा २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतो, म्हणजे थांबे धरून ताशी १५ पेक्षाही किंचित कमी. एवढ्या जुन्या मंडळींना वीस सुचले नाहीत, ते मित्राला पहिल्याच दिवशी सुचतात.

त्यातून रस्त्याला चढ असेल तर मित्राचा लाडका सिद्धांत पुढे येतो: चढावर गेलेला वेळ उतारावर वसूल होतो. होत नाही. दहा किलोमीटरचा चढ ताशी १० ने चढलात की एक तास गेला. तेच अंतर ताशी ४० ने उतरलात तर १५ मिनिटं. वीस किलोमीटरला सव्वा तास, सरासरी १६. मित्र मात्र दहा आणि चाळीसची बेरीज करून तिला दोनाने भागतो आणि पंचवीस जाहीर करतो. या रस्त्यावर सरासरी २० हवी असेल तर उतार शून्य सेकंदात उतरावा लागेल, कारण तासभर तर चढानेच खाल्लेला असतो. काही मित्र तसा प्रयत्न करूनही बघतात.

आदल्या रात्री मित्राला सायकल 'सेट' करायची हुक्की येते. ती वेळीच मोडून काढावी. मिनिटाला ८५ फेरे धरले तर पाच तासांत पायडलचे पंचवीस हजारांवर फेरे होतात, आणि गुडघा त्यातल्या प्रत्येकाची नोंद ठेवतो. सीटची उंची ठरवायची साधी रीत अशी: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवायची आणि पायडल अगदी खाली न्यायचं. पाय सरळ झाला पाहिजे. मग टाचेऐवजी पंजा ठेवला की गुडघ्यात हवा तेवढा बाक आपोआप येतो. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. बदल करायचाच तर आठवडाभर आधी, एका वेळी ३ ते ५ मिलिमीटर, आणि जुन्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करून. रात्री अकरा वाजता दोन सेंटिमीटर वर, हा बदल नव्हे, हे गुडघ्याशी वैर.

सीटवर घालायचं जेलचं गुबगुबीत कव्हर मित्राने आणलेलं असतंच. अर्धा तास ते स्वर्गीय वाटतं. आपलं वजन पेलायला बसायची दोन हाडं असतात. कव्हर मऊ असलं की ती हाडं आत रुततात आणि भार आजूबाजूच्या नाजूक भागावर येतो, मग तिथे मुंग्या. बेताची कडक सीट आणि पॅड असलेली सायकलिंगची चड्डी हाच खरा उपाय. त्या चड्डीच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं, कारण शिवण जिथे घासते तिथेच कातडी सोलवटते. ही माहिती मित्राला देण्याची जबाबदारी आपल्यावर येते, आणि ती देण्यासाठी योग्य अशी वेळ कधीच नसते. राइड सुरू झाल्यावर तर मुळीच नसते.

मग ट्यूबांची पत्रिका जुळवायची. "तुझ्याकडे एक, माझ्याकडे एक, दोन झाल्या" असं मित्र म्हणतो. आपल्या आणि त्याच्या टायरची मापं वेगळी. आपला व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा, त्याचा मोटारगाडीला असतो तो जाड श्रेडर. प्रेस्टासाठी रिमला साडेसहा मिलिमीटरचं भोक असतं, त्यात आठ मिलिमीटरचा श्रेडर काही केल्या जात नाही. रिम खोल असेल तर आखूड प्रेस्टा बाहेर डोकावतच नाही, पंप लावणार कशाला? आणि पंपही दोन्ही व्हॉल्व्हना चालतो का, ते घरीच बघावं. काही पंपांच्या तोंडातलं रबर काढून उलटं बसवायचं असतं, आणि हा शोध अंधारात, रस्त्याच्या कडेला लावण्यात मजा नाही.

हवेबद्दल मित्राचं धोरण सरळ असतं: मावेल तेवढी. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, मित्र तो आदेश समजतो. सत्तर किलोच्या माणसाला ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय पुरते. त्याहून टणक केलं की रस्त्याचा प्रत्येक खडा थेट मणक्यात पोचतो. फार कमी ठेवली की खड्ड्यात रिम आदळून ट्यूब चिमटते.

चेनचं एका दमात सांगतो: प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, दहा मिनिटं थांबायचं, मग फडक्याने पुसून घ्यायचं. पुसणं हाच महत्त्वाचा भाग, आणि मित्र नेमका तोच गाळतो. वर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि त्या चिखलाने चेन झिजत जाते.

आता रस्त्यावर या. पहिले २० किलोमीटर. हवा गार, पाय ताजे, मित्र २५ वर. त्याला थांबवायला भौतिकशास्त्र हाताशी ठेवावं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो सारण्यासाठी लागणारी ताकद घनाने. २० वरून २५ वर गेलात की नुसती हवा कापायलाच जवळजवळ दुप्पट जोर लागतो. एवढं करून २० किलोमीटरमागे वाचतात बारा मिनिटं, आणि ती मित्र पुढच्या थांब्यावर आपली वाट बघण्यात घालवतो. पहिल्या राइडचा योग्य वेग एकच: ज्या वेगात अख्खं वाक्य न धापता बोलता येतं तो. दोघांपैकी ज्याला बोलताना आधी धाप लागेल, वेग त्याचा. हा नियम निघण्यापूर्वी कबूल करून घ्यावा, कारण नंतर मित्र ऐकू येण्याच्या अंतरात नसतो.

पुढे कोण हाही वादाचा विषय. समोरचा वारा असेल तर दमदार माणसाने पुढे राहावं आणि दुसऱ्याने त्याच्या आडोशाला, साधारण एक चाकाचं अंतर ठेवून. मागच्याची मेहनत चांगली वीस-तीस टक्के वाचू शकते. चढावर उलट: तिथे वेग कमी, आडोशाचा उपयोग नगण्य, म्हणून हळू चढणाऱ्याने पुढे जावं, म्हणजे ताल त्याचा राहतो. मित्र नेमकं वाऱ्यात आपल्या मागे येतो आणि चढावर पुढे निघून जातो. शिवाय आडोशाला असताना एक पथ्य पाळायचं: मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला न्यायचं नाही. वाचायला अवघड, पडायला सोपं. पुढचा जरा जरी बाजूला सरकला की चाकं घासतात, आणि जवळपास नेहमी पडतो तो मागचा. पुढच्याने खड्डा दिसला की हात खाली करून दाखवावा, ब्रेक लावण्याआधी तोंडाने "थांबतोय" म्हणावं. नाक शिंकरण्याआधीही काहीतरी म्हणावं.

खाण्याच्या बाबतीत भुकेची वाट बघू नये. अंगातली साठवलेली साखर जोरात सायकल मारताना दीड-दोन तासांत तळाला जाते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं हवीत. मध्यम केळ्यात साधारण २५-२७ ग्रॅम असतात, तेव्हा तासाला एक-दोन केळी, पहिल्या तासापासून. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन असेल तर जास्त, आणि अधूनमधून त्यात मीठ-साखर. मित्र म्हणतो, "मला भूक नाही." त्याचं निदान करायला उपकरण लागत नाही. ज्याने ४० किलोमीटर प्रत्येक गोष्टीत वाद घातला, तो अचानक गप्प झाला आणि आपण म्हणू त्याला "बरं" म्हणू लागला, की त्याची साखर संपली असं समजावं. ताबडतोब थांबवून खाऊ घालावं. अंगी लागायला पंधरा-वीस मिनिटं जातात. मित्र पुन्हा हुज्जत घालू लागला की निघायला हरकत नाही.

पंक्चर होतंच. बहुधा मागच्या चाकाचं होतं, तिथे वजन जास्त आणि काम किचकट. चेन सर्वांत लहान चक्रावर आणा, रिमब्रेक असेल तर तो मोकळा करा, चाक काढा, उरलेली हवा सोडा. लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, टायरची एकच कड बाहेर काढायची, दोन्ही नाही. ट्यूब काढताना मित्र ती उपसून लांब फेकतो. तसं करू देऊ नये. ट्यूब टायरला समांतर धरली, व्हॉल्व्ह मूळ जागी ठेवला, की ट्यूबला जिथे भोक तिथेच टायरमध्ये गुन्हेगार सापडतो. भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा किंवा काच. एकमेकींशेजारी दोन बारीक चिरा असतील तर हवा कमी होती. आतल्या, रिमच्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकली आहे आणि स्पोकचं टोक टोचतंय. टायरच्या आतून बोट फिरवा, पण बेताने, कारण ट्रकच्या फुटक्या टायरमधली केसाएवढी तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला बरोबर सापडते. ती न काढता नवी ट्यूब टाकली तर दुसरं पंक्चर पाच मिनिटांत.

नवी ट्यूब घालण्याआधी तिच्यात दोन-चार पंप हवा भरावी, आकार आला की ती पिळत नाही. टायर चढवायला व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सुरुवात करायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. कारण टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरली तरच शेवटी ढील मिळतो, आणि व्हॉल्व्हपाशी ट्यूब जाड असल्याने ती तिथे उतरत नाही. शेवटचे चार इंच अंगठ्यांनीच. इथे मित्र लिव्हर घालतो, टायर चढतं आणि नव्या ट्यूबला नवं भोक पडतं. टायर चढल्यावर व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून पुन्हा ओढावा, म्हणजे त्याच्याखाली ट्यूब अडकली असेल तर सुटते. मग छोट्या पंपाने दोनशेच्या आसपास दट्टे. ते मित्राकडून मारून घ्यावेत. पॅच लावायची पाळी आली तर पॉलिश पेपरने घासून पातळ सोल्युशन लावायचं आणि ते सुकून त्याची चमक जाईपर्यंत, निदान पाच मिनिटं, हात लावायचा नाही. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच हमखास सुटतो. मित्राच्या पिशवीतलं सोल्युशन मात्र एकदा उघडून ठेवल्यामुळे कधीच आतल्या आत वाळून गेलेलं असतं, त्यामुळे बरेचदा हा प्रश्नच येत नाही.

७५ किलोमीटरच्या पुढे शरीर एकेक अवयवाचा राजीनामा पाठवू लागतं. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, कारण हँडलवर टेकलेल्या तळव्याच्या कडेला नस दबते. दर काही मिनिटांनी हातांची जागा बदलावी, कोपरं किंचित वाकवलेली ठेवावीत. दर दहा-पंधरा मिनिटांनी उभं राहून बसणीला श्वास घेऊ द्यावा. चढ लागण्याआधीच गिअर हलका करावा. जोर आल्यावर बदलला की चेन कडाडते आणि मित्र "काय झालं?" विचारायलाही मागे बघत नाही, कारण आता त्याची मान वळत नाही.

शेवटी घराजवळ पोचताना आपल्या सायकलच्या मीटरवर १०० लागतात आणि मित्राच्या मीटरवर ९७.७. दोघं त्याच रस्त्याने आलेले. कारण सोपं आहे. चाकाच्या सेन्सरवर चालणारा मीटर फेरे मोजतो आणि त्यांना चाकाच्या परिघाने गुणतो. ७०० बाय २५ च्या, म्हणजे २५ मिलिमीटर रुंद टायरचा परीघ सुमारे २१०५ मिलिमीटर, ७०० बाय ३२ चा सुमारे २१५५. मित्राने जाड टायर बसवले आणि मीटरमधला आकडा जुनाच ठेवला, की शंभरामागे सव्वादोन-अडीच किलोमीटर गायब. हे त्याला समजावून सांगता येतं, पटतंही, पण "मीटरवर शंभर दिसल्याशिवाय मी उतरणार नाही" असं म्हणून तो दारावरून सरळ पुढे निघून जातो, आणि सोबतीला आपणही.